दुसरा प्रश्न हातात ठेवा: इंदूरहून जगाच्या घडामोडींवर मुलाखत घेताना

प्रश्न असा आला आहे: "इंदूरच्या एका स्थानिक वाहिनीवर मला दर आठवड्याला अर्ध्या तासाचा मराठी मुलाखतीचा कार्यक्रम मिळाला आहे. विषय जागतिक घडामोडी, राजकारण आणि संस्कृती. निवृत्त राजदूत, प्राध्यापक, परदेशातून आलेले पाहुणे येतील. तालीम म्हणून दोन मुलाखती करून पाहिल्या, तर पाहुणा बोलत राहिला आणि मी मान हलवत राहिलो. ताई, अशा माणसांना अडवायचं कसं? आणि इंदुरात बसून युक्रेन किंवा गाझाबद्दल आपण नवीन काय विचारणार?"

अडवण्याचा प्रश्न बराच नंतरचा आहे. पाहुणा बोलत सुटतो, कारण पहिल्याच प्रश्नात आपण त्याला मोकळं रान दिलेलं असतं. "युक्रेनच्या युद्धाबद्दल काय सांगाल?" म्हटलं की समोरचा माणूस आपलं नेहमीचं व्याख्यान सुरू करतो. त्याला दोष कसा द्यायचा? दुसरी खोड म्हणजे एका दमात तीन प्रश्न विचारण्याची. तीन विचारले की पाहुणा त्यातला सगळ्यात सोपा उचलतो, आणि उरलेले दोन आपणही विसरून जातो.

इतकी वर्षं कॅमेऱ्यासमोर माणसांना बोलतं करण्याचं काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की मुलाखतीचा कस दुसऱ्या प्रश्नात लागतो. पहिला प्रश्न तुम्हाला कोणीही लिहून देईल. दुसरा प्रश्न उत्तर नीट ऐकलं तरच सुचतो, आणि त्या उत्तराला लावून पाहायला हातात काही ठोस माहिती असेल तरच तो धारदार होतो. ऐकणं आणि माहिती, यातलं एक जरी कमी पडलं तरी मान हलवत बसण्याची वेळ येते.

एक जुनं उदाहरण सांगते. १४ नोव्हेंबर १९७७ रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीचे वॉल्टर क्रॉन्काइट यांनी इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांची उपग्रहावरून मुलाखत घेतली. पाचच दिवस आधी सादात आपल्या संसदेत म्हणाले होते की शांततेसाठी मी इस्रायलच्या संसदेतही जायला तयार आहे. असली वाक्यं नेते टाळ्यांसाठी टाकतात, असंच अनेकांनी धरलं होतं. मुलाखतीत सादात म्हणाले, रीतसर निमंत्रण आलं की झालं. इथे बरेच निवेदक समाधान मानून पुढच्या मुद्द्याकडे वळले असते. क्रॉन्काइट यांनी विचारलं, केव्हा जाल? सादात म्हणाले, शक्य तितक्या लवकर. मग क्रॉन्काइट म्हणाले, म्हणजे आठवड्याभरात, असं समजायचं? हो, तसं म्हणता येईल. त्याच दिवशी क्रॉन्काइट यांनी इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांना गाठलं, आणि बेगिन यांनी निमंत्रण द्यायची तयारी दाखवली. १९ नोव्हेंबरला सादात यांचं विमान इस्रायलमध्ये उतरलं.

हे सगळं एका मुलाखतीने घडलं असं कोणी सांगितलं तर मानू नका. सप्टेंबरमध्येच मोरोक्कोत दोन्ही देशांच्या माणसांची गुप्त भेट झालेली होती. पण "शक्य तितक्या लवकर" या गुळगुळीत शब्दांचा "आठवड्याभरात" झाला तो त्या पुरवणी प्रश्नामुळे, आणि सगळ्या जगासमोर झाला. तो प्रश्न किती लहान आहे, तेही बघा. त्यात आव नाही, आरोप नाही, निवेदकाचं स्वतःचं मत नाही. मोघम शब्द दिसला की तो पकडायचा आणि त्याला तारीख, आकडा किंवा नाव लावायला सांगायचं. एवढी एक सवय लागली तरी तुमचा अर्धा कार्यक्रम सुधारेल.

आता आपल्या शहराशी जोडलेलं उदाहरण. जानेवारी २०२३ मध्ये इंदुरात प्रवासी भारतीय दिवस झाला तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचे अध्यक्ष इरफान अली प्रमुख पाहुणे होते. सूरिनामचे अध्यक्ष चंद्रिकाप्रसाद संतोखीही आले होते. दोन देशांचे प्रमुख तीन दिवस आपल्या गावात! अशा वेळी आपल्याकडे पाहुण्याला इंदूर कसं वाटलं, पोहे खाल्ले का, हेच आधी विचारलं जातं. ते विचारायला हरकत नाही, पण वेळ त्यातच संपते. १८३८ मध्ये भारतातल्या मजुरांना घेऊन पहिली जहाजं गयानाला पोचली, आणि आज त्याच देशाच्या समुद्रात तेलाचे मोठे साठे निघाले आहेत. २०१५ मध्ये तेल सापडलं, डिसेंबर २०१९ मध्ये उत्पादन सुरू झालं. जेमतेम आठ लाख वस्तीचा देश एकदम तेलसंपन्न झाला. विचारायला केवढं होतं.

हेच इरफान अली मार्च २०२४ मध्ये बीबीसीच्या 'हार्डटॉक'मध्ये स्टीफन सॅकर यांच्यासमोर बसले. ती क्लिप तुम्ही पाहिली असेलच, कारण ती जगभर फिरली. सॅकर म्हणाले की येत्या दशक-दोन दशकांत तुमच्या किनाऱ्यालगत १५० अब्ज डॉलरचं तेल आणि वायू निघणार आहे, आणि त्यातून दोन अब्ज टनांहून जास्त कार्बन हवेत जाईल. अली यांनी तिथेच थांबवलं. आमच्याकडे इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून होईल एवढं जंगल आहे, त्यात साडेएकोणीस अब्ज टन कार्बन साठलेला आहे, ते जंगल आम्ही राखलं आहे. सॅकर यांनी विचारलं, म्हणून तुम्हाला एवढा कार्बन सोडण्याचा हक्क मिळतो का? अली उसळून म्हणाले, तुम्हाला आम्हाला हवामानावर उपदेश करण्याचा हक्क कोणी दिला? हे जंगल सगळं जग उपभोगतं, आणि त्याचे पैसे आम्हाला कोणी देत नाही.

आपल्याकडे ही क्लिप "गोऱ्या पत्रकाराला कसं गप्प केलं" म्हणून फिरली. अली यांच्या बोलण्यात तथ्य होतं, यात शंका नाही. श्रीमंत देशांनी दोनशे वर्षं कोळसा-तेल जाळलं आणि आता लहान देशाला जाब विचारतात, हा राग खरा आहे. पण मुलाखत घेणाऱ्याने ती क्लिप वेगळ्या नजरेने पाहावी. सॅकर यांचा पहिला प्रश्न आकड्यांचा होता. दुसरा प्रश्न हक्काचा, म्हणजे नीतीचा झाला. नीतीच्या मैदानात पाहुणा बलवान होता, आणि सॅकर आपण होऊन तिथे गेले. मी त्यांच्या जागी असते तर "आम्हाला कोणी पैसे देत नाही" हे वाक्य धरलं असतं. कारण नॉर्वेने २००९ मध्ये गयानाशी जंगल राखण्यासाठी २५ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला होता. आणि डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे अली इंदुरात येण्याच्या महिनाभर आधी, अमेरिकेच्या हेस कंपनीने त्याच जंगलाच्या कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे जंगलाने राखलेल्या कार्बनच्या विकत घेता येणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी, २०३२ पर्यंत किमान ७५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. ही हेस त्या वेळी गयानाच्या तेलक्षेत्रातच ३० टक्क्यांची भागीदार होती. म्हणजे जंगलाचे पैसे देणारी आणि तेल काढणारी एकच कंपनी. "अध्यक्षमहोदय, हेसचे पैसे येत आहेत, तेल काढणाऱ्या कंपनीकडून जंगलाचे पैसे घेताना तुमचा मोबदला मागण्याचा मुद्दा दुबळा होत नाही का?" या प्रश्नावर पाहुण्याला भाषण करता आलं नसतं, विचार करावा लागला असता. दुसरी एक गोष्ट: जंगलातला कार्बन हा साठा आहे, तो आधीपासून आहे, तेलातून निघणारा कार्बन ही नवी भर आहे. दोन्ही आकडे टनांत असले तरी एकातून दुसरा वजा करता येत नाही. हे शांतपणे एका वाक्यात सांगता आलं असतं तर ऐकणाऱ्याला काही मिळालं असतं.

घरी असा अभ्यास करा. गाजलेली मुलाखत लावा, प्रत्येक उत्तरानंतर थांबवा, आणि निवेदकाने काय विचारलं ते ऐकायच्या आधी स्वतःचा प्रश्न कागदावर लिहा.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येते, कारण ती मला जास्त महत्त्वाची वाटते. इंदुरात बसून जगाबद्दल काय विचारणार? या गावात १९४७ मध्ये 'नई दुनिया' हे हिंदी दैनिक निघालं. आपल्या मराठी घरातले राहुल बारपुते त्याचे संपादक होते, आणि इथेच इंग्रजी शिकवणारे राजेंद्र माथुर १९५०च्या दशकात त्या पत्रात परराष्ट्र घडामोडींवर लिहू लागले. ना इंटरनेट, ना दूरचित्रवाणी. तरीही देशभरच्या हिंदी वाचकांनी पुढे ज्यांना मानलं त्यांचं जगाचं भान इथे बसूनच तयार झालं. तेव्हा गाव लहान पडतं ही भीती मनातून काढून टाका.

शिवाय माळव्याला जगाशी जोडणारी स्वतःची वाट आहे, सोयाबीनची. छावणी मंडीत उभा असलेला व्यापारी शिकागोच्या वायद्याचा भाव विचारतो, आणि तो हौसेने विचारत नाही. तेल आणि पेंड या दोन्हींच्या किमती परदेशात हलल्या की देवास-उज्जैनच्या शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव हलतो. मी अशा विषयावर पाहुणा बोलावते तेव्हा एकच अर्धा कागद करते. डाव्या बाजूला तारखा: २४ फेब्रुवारी २०२२, युक्रेनवर हल्ला, सूर्यफूल तेलाची आवक अडली. २८ एप्रिल, इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. २३ मे, बंदी उठली. मध्ये एक ओळ: भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. उजव्या बाजूला आपल्या देशातले निर्णय: ऑगस्ट २०२१, कोंबडीपालन करणाऱ्यांच्या मागणीवरून १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला केंद्राची परवानगी. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरात, पाहुण्याने या विषयावर आधी कुठे काय म्हटलं आहे ते, तारखेसह.

या कागदावर प्रश्न मुद्दाम कमी लिहायचे. पहिला पूर्ण लिहा, बाकीच्यांचे दोन-दोन शब्द पुरे. पंधरा प्रश्नांची यादी घेऊन बसलात तर पाहुणा बोलत असताना तुमचे डोळे पुढच्या ओळीवर असतील, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य निसटून जाईल. कागद पाहुण्याला दिसेल असा ठेवायलाही हरकत नाही. तयारी करून आलेल्या माणसासमोर लोक जपून आणि नेमकं बोलतात.

अशा कागदावरून व्यापारनीतीच्या प्राध्यापकांना विचारता येतं की इंडोनेशियाने पंचवीस-सव्वीस दिवस तेल रोखलं तेव्हा दिल्लीकडे कोणते पर्याय होते, आणि त्यातला कोणता वापरला. दिल्लीच्या स्टुडिओत हा प्रश्न सहसा येत नाही. 'सानंद' या आपल्या मराठी संस्थेच्या नाटकाला कुटुंबासह जाणारा आपला प्रेक्षक घरी तेलाचा डबाही विकत घेतो. त्याला हे उत्तर हवं असतं.

निवृत्त राजदूतांबद्दल थोडं वेगळं सांगते. ही माणसं अतिशय सभ्य, वाचलेली, आणि काहीही न सांगता वीस मिनिटं बोलण्यात तरबेज. त्यांच्या नोकरीचाच तो भाग होता. त्यांना विश्लेषक म्हणून बसवलं तर "दोन्ही बाजूंनी संयम राखावा" यापलीकडे फारसं हाती लागत नाही. त्यांना साक्षीदार म्हणून बसवा. कुठल्या देशात, कुठल्या साली होतात? त्या दिवशी सकाळी पहिला फोन कोणाचा आला? भारतीयांना बाहेर काढायचं ठरलं तेव्हा यादी कोणी केली? माणूस एकदा खोलीत, टेबलाशी, त्या दिवसात पोचला की त्याची भाषा बदलते, आवाज बदलतो. मग विश्लेषणाचा प्रश्न विचारा, त्याचं उत्तरही जिवंत येतं. आणि शेवटाकडे एक प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक जाणकाराला विचारते: पुढच्या सहा महिन्यांत काय घडलं तर तुम्ही म्हणाल की माझा अंदाज चुकला? प्रामाणिक जाणकाराला हा प्रश्न आवडतो.

चालू युद्धांबद्दल बोलताना आकडा आला की तो कोणाचा आणि कधीचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मृतांचा आकडा एक बाजू देते, दुसरी नाकारते, संयुक्त राष्ट्रांचा तिसराच असतो. पाहुण्याने नुसता आकडा टाकला आणि तुम्ही मान हलवली तर त्यावर तुमची सही झाली असं समजा.

आता अडवणं. जेरेमी पॅक्समन यांनी १३ मे १९९७ रोजी बीबीसीवर ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न बारा वेळा विचारला होता. तुरुंग विभागाच्या प्रमुखाला, तुझा निर्णय फिरवीन अशी धमकी दिलीत का? आपल्याकडचे कितीतरी तरुण निवेदक ती मुलाखत पाहून आवाज चढवायला शिकले, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्यातून घ्यायचं ते वेगळंच होतं. तो प्रश्न एका घटनेबद्दल होता, उत्तर हो किंवा नाही एवढंच होतं, आणि ते समोरच्या माणसालाच ठाऊक होतं. म्हणून पुन्हा विचारणं न्याय्य होतं. "देशाबद्दल तुम्हाला प्रेम आहे की नाही?" हे बारा वेळा विचारणं म्हणजे दांडगाई. पॅक्समन यांचा आवाजही बाराही वेळा जवळपास तोच होता, हे पुन्हा पाहताना लक्षात घ्या.

पाहुणा भरकटला तर त्याच्या श्वासाची वाट पाहा, त्याचं नाव किंवा पद उच्चारा, आणि त्याचाच एक शब्द उचलून परत आणा. "साहेब, तुम्ही आत्ता 'दबाव' म्हणालात. कोणाचा?" याने कोणी दुखावत नाही, कारण आपलं बोलणं ऐकलं जातंय हे त्याला कळतं. पाहुणा उत्तर टाळतोय असं वाटलं तर गप्प राहण्याचीही ताकद असते. बीबीसीच्या एमिली मेटलिस यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे राजपुत्र अँड्र्यू यांची जी मुलाखत घेतली ती पाहा. आवाज न चढवता त्या विचारत गेल्या, आणि बोलू दिलं. मुलाखत दाखवल्यावर चारच दिवसांत राजपुत्र सार्वजनिक कामातून बाजूला झाले.

दूरच्या पाहुण्याशी बोलताना मात्र मध्येच बोलणं टाळाच. उपग्रह भूपृष्ठापासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो, आवाज जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव, त्यात यंत्रांचा उशीर मिळवा. इंटरनेटवरही असंच होतं. तुम्ही "हं हं" केलं की पाहुणा थबकतो, मग दोघं एकदम बोलता, मग दोघं एकदम थांबता. प्रश्न एका वाक्यात विचारा आणि गप्प बसा. पाहुण्याला हेडफोन लावायला, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवायला आणि शक्य असेल तर वायरचं इंटरनेट वापरायला आदल्या दिवशीच सांगा.

प्रश्न आधी पाठवा असं पाहुण्याच्या कार्यालयातून हमखास येतं. विषय सांगायचे, प्रश्न द्यायचे नाहीत. "अमुक विचारू नका" अशी अट आली तर पाहुणा कितीही मोठा असो, स्वीकारायची की नाही हे वाहिनीशी बोलून ठरवा. स्वीकारली तर ती प्रेक्षकांना सांगायची. प्रेक्षकांपासून लपवलेली अट ही फसवणूक आहे.

संस्कृतीच्या पाहुण्यांना राजकारणाच्या पाहुण्यांसारखं उलटतपासू नये, पण त्यांना "भारत कसा वाटला" यावरही सोडू नये. चित्रकार आला तर त्याला इंदुरातल्या देवळालीकरांच्या कलाशाळेबद्दल सांगा, जिथून बेंद्रे आणि हुसेन हे चित्रकार शिकून गेले. गायक आला तर अमीर खाँसाहेबांची विलंबित लय ऐकली आहे का विचारा, आणि त्याने ऐकली असेल तर त्यातलं नेमकं काय कानात राहिलं तेही विचारा. कामाबद्दल, हाताबद्दल, रियाजाबद्दल विचारलं की कलावंत मोकळा होतो.

संकलनाबद्दल माझं म्हणणं कडक आहे. कापाकापी करावीच लागते, पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला जोडायचं नाही. मुलाखत झाल्यावर निवेदकाचे विचारतानाचे शॉट वेगळे घेतात, त्यात प्रश्नाचे शब्द बदलायचे नाहीत, स्टुडिओत जसा विचारला तसाच. आणि हल्ली जी चाळीस सेकंदांची क्लिप काढून मोबाइलवर फिरवतात, तिच्यात प्रश्नही पूर्ण दिसला पाहिजे. बरेच पाहुणे आता त्या क्लिपसाठीच बोलतात. ठेवणीतलं वाक्य कॅमेऱ्याकडे बघून टाकतात. ते वाक्य आलं की लगेच पुरवणी प्रश्न विचारा, म्हणजे क्लिप कापणाऱ्याला तोही घ्यावा लागेल.

पहिल्या भागाला राजदूत बोलावू नका. सोयाबीनची पेंड बाहेर पाठवणारा एखादा इंदुरी निर्यातदार बोलवा, ज्याचा माल बंदरावर अडकून पडला आहे किंवा ज्याचा सौदा रात्रीतून फिरला आहे. तो जे सांगेल त्यातल्या तीन गोष्टी टिपून ठेवा. दुसऱ्या भागात व्यापारनीतीचे प्राध्यापक आले की त्या तिन्ही त्यांच्यासमोर ठेवा. राजदूतांना तिसऱ्या भागात बोलवा, आणि तोवर तुमच्या कागदावर दोन पाहुण्यांची, तारखेसह, विधानं जमलेली असतील.